हा रस्ता कोणी केला?

जुना कोड वाचताना कधी कधी एखादी ओळ अशी भेटते की डोकंच चालत नाही. कोणी लिहिली, का लिहिली, काढून टाकली तर काय कोसळेल, काही कळत नाही. मग आपण निमूटपणे 'गिट ब्लेम' मारतो आणि लिहिणाऱ्याचं नाव बघतो. (बहुतेक वेळा ते आपलंच निघतं, ते सोडा.)

गेल्या सप्टेंबरात दक्षिण फ्रान्समधल्या सेवेन नावाच्या डोंगराळ भागात चार दिवस सायकल हाणत होतो, तेव्हा पहिल्याच दिवशी हे आठवलं. हाणत होतो म्हणजे खरं तर ढकलत होतो. बार-दे-सेवेन या गावाजवळ नकाशात एक झकास कच्ची वाट दिसली, डोंगराच्या धारेवरून सरळ रेघ मारल्यासारखी जाणारी. प्रत्यक्षात ती इतकी उभी होती की सगळ्यात हलक्या गिअरवरही पुढचं चाक उचलत होतं. घाटाची एक चाल असते, वळणं असतात. इथं एकही वळण नाही. म्हटलं, हा रस्ता केला तरी कोणी?

"मेंढ्यांनी," बरोबरचा फ्रेंच मित्र म्हणाला. मला वाटलं टिंगल करतोय.

पुढं जाण्याआधी सायकलीबद्दल दोन शब्द. ग्रॅव्हल बाईक म्हणजे दिसायला रेसिंग सायकलसारखी, खाली वळलेल्या हँडलची, पण टायर चांगले चाळीसेक मिलिमीटर रुंद. डांबर सोडून खडी, मुरूम, जंगलातल्या कच्च्या वाटा यावर पळवायची. नाव अमेरिकेतून आलं आणि आता फ्रेंच लोकही 'ल ग्रॅव्हल' म्हणतात. पण जरा विचार केला तर यात नवीन काय? १९०३ साली पहिली 'तूर द फ्रान्स' झाली तेव्हा सगळा देशच ग्रॅव्हल होता. रस्त्यावर डांबर ओतायची कल्पना गाजवली ती गुग्लिएल्मिनेत्ती नावाच्या एका स्विस डॉक्टरने, १९०२ साली मोनॅकोत. मोटारींच्या धुळीने लोक हैराण झाले होते. पुढं लोक त्याला 'डॉक्टर डांबर' म्हणायला लागले. म्हणजे आपण ज्याला साधा रस्ता म्हणतो तो जेमतेम सव्वाशे वर्षांचा. कच्चा रस्ता हाच मूळचा.

आणि सेवेनमध्ये गंमत अशी की प्रत्येक कच्चा रस्ता वेगळ्या कोणीतरी, वेगळ्या कारणासाठी केलाय. चढ कसा आहे यावरून कोणी केला ते ओळखता येतं. मला हे तिसऱ्या दिवशी जमायला लागलं. पाट्या वाचायची गरजच नाही, मांड्या सांगतात.

तर मेंढ्या. मित्र टिंगल करत नव्हता. या वाटांना 'द्राय' म्हणतात. खाली लांगदोकच्या मैदानात उन्हाळ्यात गवत करपतं, तेव्हा जूनमध्ये कळप वर एग्वाल आणि लोझेर या डोंगरांवर न्यायचे आणि थंडीआधी खाली आणायचे. चार-पाच दिवसांची चाल. आपल्याकडचे धनगर मेंढरं घेऊन दरवर्षी ठरलेल्या वाटेनं फिरतात, तसाच प्रकार. पण हजार मेंढ्या खोऱ्यातून न्यायच्या म्हणजे वाटेत शेतं, द्राक्षमळे, चेस्टनटच्या बागा, आणि त्यांच्या मालकांशी भांडणं. म्हणून वाट धारेवरून काढली. धारेवर कोणाचं काही पिकत नाही. मेंढीला वळणाची गरज नसते, त्यामुळे वाट नाकासमोर चढते. शेकडो वर्षं खुरांनी घासून काही ठिकाणी ती खोल नाल्यासारखी झालीये, काही ठिकाणी दोन्ही बाजूंना दगडी बांध आहेत, कळप बाहेर सांडू नये म्हणून. आज बहुतेक मेंढ्या ट्रकमधून जातात, तरी थोडे कळप अजून चालत जातात, मोठ्या घंटा आणि लोकरीचे रंगीत गोंडे बांधून. २०११ साली युनेस्कोनं हा सगळा मुलूख जागतिक वारशाच्या यादीत घातला तो या मेंढ्यांमुळेच.

कळप आम्हालाही भेटला, दुसऱ्या दिवशी. म्हणजे आधी कुत्रा भेटला. पांढराशुभ्र, वासराएवढा. याला 'पातू' म्हणतात. लांडगा फ्रान्समधून पार संपला होता, तो १९९२ मध्ये इटलीच्या बाजूनं परत आला, हळूहळू इकडंही पोचला, आणि त्याच्याबरोबर हे राखणीचे कुत्रेही आले. पातू मेंढ्यांतच वाढतो, त्यामुळे त्याला मेंढ्या आपल्या घरच्या वाटतात आणि तीस किलोमीटर वेगानं येणारा सायकलवाला लांडगा वाटतो. वाटेवर पाट्या लावलेल्या असतात: सायकलवरून उतरा, पळू नका, कुत्र्याकडे टक लावून बघू नका, कळपाला वळसा घाला. मी पाटी वाचली होती. तरी कुत्रा गुरगुरत आला तेव्हा पहिला विचार जोरात पॅडल मारायचा आला. मित्र ओरडला, "अरे उतर!" उतरलो. सायकल मधे धरून उभा राहिलो. कुत्र्यानं माझा, सायकलचा आणि मागच्या पिशवीतल्या चीजचा सविस्तर वास घेतला आणि निघून गेला. मेंढपाळ एक तरुण मुलगी होती, कानात इअरफोन. तिनं लांबूनच हात हलवला. आम्ही तिच्या रस्त्यात होतो, ती आमच्या नव्हे, हे तेव्हा नीट समजलं.

त्याच दिवशी दुपारी रस्ता अचानक बदलला. कच्चाच, पण रुंद. चढ होता पण असा की बसल्या बसल्या चढता येईल. धारेच्या थोडं खालून, शिस्तीत चाललेला. मला वाटलं कोणीतरी सायकलवाल्यांची काळजी घेऊनच आखलाय.

इथं जरा थांबावं लागेल, कारण हा रस्ता राजाचा होता.

सेवेनमधले बहुतेक लोक सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट झाले. १५९८ च्या नांतच्या जाहीरनाम्यानं त्यांना आपल्या पद्धतीनं प्रार्थना करायची मुभा दिली होती. चौदाव्या लुईनं ऑक्टोबर १६८५ मध्ये ती काढून घेतली. प्रार्थनाघरं पाडली, पाद्र्यांना देश सोडायला लावलं, लोकांना सक्तीनं कॅथलिक केलं. लांगदोक प्रांताचा कारभार त्याच वर्षी निकोला द बाव्हील नावाच्या अधिकाऱ्याकडे आला आणि पुढची तेहतीस वर्षं त्याच्याकडेच राहिला. बाव्हील हुशार होता. त्यानं ओळखलं की या डोंगरात राजाचा कायदा चालत नाही कारण राजाची गाडी जात नाही. खेचरांच्या पाऊलवाटांवरून सैन्य एकेरी रांगेत जातं, तोफ तर जातच नाही. म्हणून त्यानं डोंगरातून रुंद रस्ते काढले. तोफेची गाडी घोड्यांना ओढता आली पाहिजे, म्हणून चढ बेताचा. सँ-जाँ-द्यु-गार ते फ्लोराक जाणारा प्रसिद्ध 'कॉर्निश' रस्ता याच कामातून आला. तो आज डांबरी आहे आणि शनिवार-रविवारी मोटारसायकलवाल्यांनी गजबजलेला असतो. पण आजूबाजूला जुन्या राजरस्त्यांचे तुकडे अजून कच्चे आहेत, आणि त्यांच्यावर सायकल चालवणं म्हणजे निव्वळ सुख आहे. त्या सुखाचं कारण तोफ आहे.

लोक गुपचूप रानात जमून प्रार्थना करायचे. पकडले गेले तर पुरुषांना राजाच्या जहाजांवर वल्ही मारायला पाठवायचे, बायकांना तुरुंगात. २४ जुलै १७०२ च्या रात्री पों-द-मोंव्हेर गावात जमावानं आबे द्यु शायला नावाच्या कॅथलिक धर्माधिकाऱ्याच्या घराला वेढा घातला. त्यानं पळून जाणाऱ्या काही प्रोटेस्टंटांना पकडून तिथं डांबलं होतं, छळ चालू होता. कैदी सोडवले, घर जाळलं, आबेला ठार मारलं. तिथून कामिझारांचं बंड पेटलं. कोण होते हे? लोकर विंचरणारे, मेंढपाळ, शेतकरी. त्यांचा एक पुढारी, जाँ काव्हालिए, बेकरीत उमेदवारी केलेला विशीतला पोरगा. काही हजार माणसं, राजाची फौज त्यांच्या कितीतरी पट. डोंगर पाठ असणं हीच त्यांची ताकद. फौज रुंद रस्त्यानं यायची, हे द्राय आणि पाऊलवाटांनी निसटायचे. (त्याच दोन-तीन वर्षांत इकडे सह्याद्रीत ताराबाईंचे मराठे औरंगजेबाला असेच दमवत होते.)

मग १७०३ च्या शरदात फौजेनं ठरवलं की बंडखोर सापडत नसतील तर त्यांना भाकरी देणारी गावंच ठेवायची नाहीत. वरच्या सेवेनमधली ४६६ गावं आणि वाड्या यादीत घातल्या. लोकांना ठरवून दिलेल्या मोठ्या गावांत हलायला सांगितलं आणि घरं पाडायला सुरुवात केली. इथली घरं म्हणजे शिस्टच्या दगडांची, जाड भिंतींची, तळघराला कमानी. कुदळी-पहारींनी पाडता पाडता सैनिक थकले. काम फार हळू चाललंय म्हणून वरून परवानगी मागवली, पाडण्याऐवजी जाळायची. मिळाली. इतिहासात याला 'सेवेनचं मोठं जळीत' म्हणतात.

ती परवानगीची गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. शेड्यूल मागे पडलं म्हणून पद्धत बदलायची मंजुरी मागणारी ईमेल कशी असते ते मला चांगलं माहीत आहे.

१७०४ मध्ये काव्हालिएनं राजाच्या सेनापतीशी तह केला. बऱ्याच साथीदारांना तो पटला नाही. काव्हालिए शेवटी परदेशात गेला, इंग्रजांच्या सैन्यात चढला आणि जर्सी बेटाचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. बेकरीतल्या पोराच्या मानानं बरंच झालं. मागं राहिलेल्यांना मात्र १७८७ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षीच्या आदेशानं प्रोटेस्टंटांना जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद करायचा हक्क मिळाला. तोपर्यंत कायद्याच्या लेखी त्यांची लग्नं झालेलीच नव्हती.

कासान्यासच्या जुन्या स्टेशनपासून जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं वर चढलं की 'प्लां द फोंमोर' नावाची खिंड लागते. चढ सोपा, सावली भरपूर, माझ्या मते चार दिवसांतला सगळ्यात सुंदर तुकडा. खिंडीत एक दगडी स्तंभ आहे. १७८७ च्या आदेशाला शंभर वर्षं झाली म्हणून १८८७ मध्ये उभारलेला. बंडाच्या पहिल्याच आठवड्यात कामिझारांची आणि फौजेची इथं गाठ पडली होती. आम्ही त्याच्या पायरीवर बसून तेच चीज खाल्लं, कुत्र्यानं पसंत केलेलं. :)

याच वाटेनं १८७८ च्या शरदात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन गेला होता, मोदेस्तीन नावाची गाढवीण घेऊन. 'ट्रेझर आयलंड'वाला तोच. ते पुस्तक यायचं होतं, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. मूळचा स्कॉटिश प्रोटेस्टंट, त्यामुळे कामिझारांबद्दल त्याला भारी कुतूहल. बारा दिवसांच्या या प्रवासावरचं त्याचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं आणि आज त्या वाटेनं दरवर्षी हजारो लोक चालतात. मला त्यातला एक बारका उल्लेख फार आवडला: पों-द-मोंव्हेरहून फ्लोराककडे जाणारा तार्न नदीकाठचा रस्ता तो नवा म्हणून सांगतो, गुळगुळीत आणि वाळूचा. म्हणजे त्या काळातला फर्स्टक्लास ग्रॅव्हल! आता तो डांबरी जिल्हा रस्ता आहे.

तिसरा प्रकार जंगलातल्या रस्त्यांचा. तो लगेच ओळखू येतो, कारण त्याला कुठंच पोचायची घाई नसते. समान उंचीवरून डोंगराला वळसे घालत किलोमीटरच्या किलोमीटर जातो, चढ नावाला. हे रस्ते वनखात्याचे. एकोणिसाव्या शतकात एग्वालचा डोंगर बोडका झाला होता. मेंढ्यांनी झाडोरा खाल्ला, खाणींना आणि काचेच्या भट्ट्यांना लाकूड गेलं. आणि इथला पाऊस म्हणजे चेष्टा नाही. भूमध्य समुद्रावरची गरम दमट हवा शरदात या डोंगरावर आपटते आणि काही तासांत आभाळ रिकामं होतं. सप्टेंबर १९०० मध्ये एग्वालच्या पायथ्याच्या व्हालरोग गावात सुमारे दहा तासांत ९५० मिलिमीटर पावसाची नोंद आहे. आपल्यापैकी ज्यांनी २६ जुलै २००५ मुंबईत काढलाय त्यांना हा आकडा सांगायला नको. सांताक्रूझला त्या दिवशी चोवीस तासांत ९४४ पडला होता.

उघड्या डोंगरावर असा पाऊस पडला की माती खाली आणि गावं मातीत. जॉर्ज फाब्र नावाच्या वनाधिकाऱ्यानं १८७५ पासून इथं झाडं लावायचं काम हातात घेतलं. पॅरिसमधून पैसे काढायला त्यानं असं दाखवून दिलं म्हणतात की एग्वालवरून वाहिलेली वाळू नद्यांमधून थेट बोर्दो बंदरात जाऊन साचतेय. डोंगरातल्या गावांसाठी सरकार हललं नसतं, बंदरासाठी हललं. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून माणूस फर्स्टक्लास. शार्ल फ्लाओ या मोंपेल्येच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्यानं जंगल उभं केलं आणि शिखरावर हवामान वेधशाळाही बांधून घेतली, ती १८९४ मध्ये पूर्ण झाली. आज त्या बीचच्या जंगलातून सायकल चालवताना वाटतं हे सृष्टीच्या आरंभापासून इथंच आहे.

पण झाडं लावायची म्हणजे चराई बंद करायची. गावांची सामाईक कुरणं सरकारनं घेतली. मेंढपाळांच्या दृष्टीनं राजाच्या तोफेनंतर आलेला हा दुसरा रस्ता होता, आणि याच्यावरूनही पुन्हा सरकारच आलं. द्राय कित्येक ठिकाणी जंगलात शिरते आणि झाडांमध्ये हरवते. मला स्वतःला फाब्रचं बरोबर वाटतं. पूर बघितलेल्या शहरातून आल्यामुळे असेल. मित्राला तितकंसं वाटत नाही, त्याची आजी मेंढपाळांच्या घरातली. यावर आमचा एक पूर्ण चढ वाद झाला आणि चढ कधी संपला कळलं नाही.

रेल्वेबद्दल थोडक्यात, कारण त्या रस्त्यावर काही घडतच नाही. सँत-सेसील-दांदोर्ज ते फ्लोराक अशी मीटर गेजची छोटी गाडी १९०९ मध्ये सुरू झाली आणि १९६८ मध्ये बंद पडली. रूळ उचलले, मागं दगडी पूल, बोगदे आणि दोन-तीन टक्क्यांचा एकसारखा चढ राहिला. वाफेच्या इंजिनाला झेपेल तेवढाच. त्यातला फ्लोराककडचा भाग आता सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना मोकळा आहे. गाडी आली तोवर डोंगर रिकामा व्हायला लागलाच होता. रेशीम आधीच रोगानं बुडालं होतं (रेशीमकिड्यांचा तो रोग अभ्यासायला १८६५ मध्ये खुद्द लुई पाश्चर इथं जवळच आलेसला आला होता), कोळशाच्या खाणी पुढं एकेक करून मिटल्या. माणसं आणायला आणलेल्या गाडीतून माणसं गेली.

शेवटच्या रात्री सँ-जेर्मां-द-काल्बेर्तच्या जवळ एका शेतघरात उतरलो. घर चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या. मी दिवसभर पाहिलेली एक गोष्ट विचारली. बऱ्याच घरांच्या शेजारी, शेताच्या कडेला, दोन-तीन सुरूची उंच झाडं आणि खाली बुटकी भिंत दिसायची. बाग म्हणावी तर बाग नाही.

"ते आमचे लोक," बाई म्हणाल्या.

१६८५ नंतर प्रोटेस्टंटांना चर्चच्या कबरस्तानात जागा मिळेना. मग लोक आपली माणसं आपल्याच शेतात पुरायला लागले. पुढं कायदा बदलला, सगळ्यांना जागा मिळाली, पण सवय राहिली. प्रीफेची परवानगी काढून आजही इथं घरच्या जमिनीत पुरतात. बाईंचे आजोबा, पणजोबा घराच्या खालच्या पायरीशेतात होते. ते शेत त्यांच्या वडिलांनी विकलं. आता तिथं दुसऱ्याच कोणाची द्राक्षं आहेत.

"मग तुम्ही जाता कशा?" मी विचारलं.

त्यावर त्यांनी मला फ्रेंच कायदा समजावून सांगितला, आणि त्यांना तो तोंडपाठ होता. जमीन विकली तरी कबर विकली जात नाही. कुटुंबाला तिथपर्यंत जायचा हक्क कायम राहतो, मालक कितीही बदलले तरी. शेतात वाट ठेवावीच लागते.

"इथल्या कितीतरी वाटा माझ्यासमोर नांगरल्या गेल्या," त्या म्हणाल्या. "ही नाही जाणार."

सकाळी निघताना त्यांनी ती वाट दाखवली. नकाशात नव्हती. द्राक्षांच्या दोन ओळींमधून हातभर रुंद, साठ-सत्तर मीटर लांब, शेवटी सुरू. खालच्या रस्त्याला लागायला तीच जवळची होती.

"जा इथूनच," बाई म्हणाल्या. "पण सायकल हातात धरून हं."

आम्ही हातात धरून गेलो.